वचनाचं अ‍ॅप: संध्याकाळची डायरी छान, सकाळचं नोटिफिकेशन मात्र बंद करा

बायबलच्या या अ‍ॅपबद्दल मंडळीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. नाव टाकत नाही, कारण अशी अजून कितीतरी अ‍ॅप्स आहेत आणि मला जे बोलायचंय ते जवळपास सगळ्यांना लागू होतं. पाचपैकी तीन स्टार, आणि ते तीनही संध्याकाळच्या ऑडिओला आणि डायरीला.

आधी खटकलं ते. रोज सकाळी नोटिफिकेशन येतं, "देव आज तुला काय सांगतोय बघ", टॅप केलं की छान फोटोवर एक वचन येतं आणि खाली बटण असतं "दुसरं वचन". म्हणजे मनासारखं मिळेपर्यंत दाबत राहायचं!! त्यात सारखं येतं ते यिर्मया २९:११, हिताचे संकल्प, आशा वगैरे. वचन खरं आहे, मला खूप प्रिय आहे, पण ते यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे हो, बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या. त्याच्या आदल्याच वचनात देव ७० वर्षांची गोष्ट करतोय, तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा असं वर सांगून झालंय. आणि ८ आणि ९ व्या वचनात तर सरळ इशारा आहे की तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवतायत, मी त्यांना पाठवलेलं नाही. दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं गोड गोड सांगणारा खोटा संदेष्टा हनन्या २८ व्या अध्यायातच भेटतो. म्हणजे आशा आणि इशारा एकमेकांना चिकटून आहेत आणि अ‍ॅप त्यातली आशा तेवढी कापून देतं. नोकरी सोडू का, या स्थळाला हो म्हणू का अशा विचारात असलेल्या माणसाला हे दिसलं की तो देवाचा होकारच समजणार ना.

कुठलंही पान उघडून उत्तर शोधायची सवय काही फोनमुळे आलेली नाही, इ.स. ५०६ मध्ये आग्द (आजच्या फ्रान्समध्ये) इथल्या धर्मसभेने शास्त्रातून असा कौल काढायला मनाई केली होती. लोक यावर संत ऑगस्टीनचं उदाहरण देतात, ३८६ साली मिलानच्या बागेत त्याने प्रेषित पौलाचं पत्र उघडलं आणि त्याचं आयुष्य बदललं. बरोबर आहे, पण त्याला मिळालेलं रोम १३:१३-१४ त्याला हवं होतं ते देत नव्हतं, जे सोडवत नव्हतं तेच सोड म्हणत होतं. आणि पुढे त्यानेच एका पत्रात लिहिलं की संसारातल्या कामांसाठी शुभवर्तमानातून कौल काढणं मला पसंत नाही.

आता चांगलं. रात्रीचा ऑडिओ खरंच मनापासून बनवलाय. दिवस मागे वळून बघायचा, कुठे आनंद झाला, कुठे अस्वस्थ वाटलं, कुठे आतून कोणी अडवल्यासारखं वाटलं. ही पद्धत जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाची. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की शौर्याची, सरदारकीची स्वप्नं रंगवून झाली की मन कोरडं पडतं आणि संतांची चरित्रं वाचून झालेला आनंद मागे टिकून राहतो. त्याचा एक नियमही ऑडिओत आहे, मन उदास असताना आधी नीट प्रार्थनेने घेतलेला निर्णय बदलू नका. हे एवढं ऐकण्यासाठी तरी अ‍ॅप घ्या. डायरीत जुन्या नोंदी एकाखाली एक दिसतात, त्यामुळे क्षणभराची भीती कोणती आणि परत परत येणारी अस्वस्थता कोणती हे हळूहळू कळायला लागतं.

पण डायरीत टॅग दोनच, "उघडं दार" आणि "बंद दार". एवढं सोपं असतं तर! प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पवित्र आत्म्याने पौलाला आसियात अडवलं, मग बिथुनियात अडवलं आणि मग मासेदोनियाचा दृष्टान्त झाला, तिथे बंद दार म्हणजे खरंच बंद दार. २१ व्या अध्यायात मात्र आगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्याच कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून दाखवले, सगळे रडले, जाऊ नको म्हणाले, तरी पौल यरुशलेमेला गेलाच. इशारा खरा होता, पण त्याचा अर्थ "थांब" असा नव्हता, "तयार राहा" असा होता. आणि २७ व्या अध्यायात पौल सांगत होता की प्रवास धोक्याचा आहे, त्याला नेणाऱ्या शताधिपतीने (रोमी सैन्याधिकाऱ्याने) ऐकलं तारवाच्या मालकाचं, आणि तारू फुटलं. तिथे ना स्वप्न ना दर्शन, एका कैद्याने दिलेला साधा सल्ला.

माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच की या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या माणसाला जागाच नाही. लहान शमुवेलाला हाक ऐकू येत होती तरी तो एली याजकाकडेच धावत होता, हाक देवाची आहे हे ओळखलं म्हाताऱ्या एलीने. इथे सगळं तू आणि तुझा फोन. "याबद्दल कोणाशी बोललात, ते काय म्हणाले" एवढा एक रकाना पुढच्या अपडेटमध्ये द्या असं मी डेव्हलपरना लिहिलंय.

तोपर्यंत सेटिंगमध्ये जाऊन सकाळचं नोटिफिकेशन आणि विजेट बंद करा, रात्रीचं रिमाइंडर चालू ठेवा, आणि वाचनाच्या योजनेत "पूर्ण अध्याय" निवडा, तो पर्याय खूप खाली लपलाय पण आहे.