पायथन ३.१४ : चालू प्रोसेसमध्ये शिरता येतंय, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं

पायथन ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं आणि जिकडेतिकडे एकच गजर, जीआयएल गेलं जीआयएल गेलं. (जीआयएल म्हणजे पायथनमधलं एक कुलूप, त्यामुळे एका प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड, म्हणजे समांतर धागे, असले तरी एका वेळी एकच पायथन कोड चालवू शकतो.) तर आधी तेच सांगून टाकते, आपण नेहमी जे पायथन डाउनलोड करतो त्यातून जीआयएल गेलेलं नाहीये. हे कुलूप नसलेला फ्री-थ्रेडेड बिल्ड वेगळा येतो, ३.१३ मध्ये तो प्रायोगिक होता, आता अधिकृत सपोर्ट मिळालाय, पण तो मुद्दाम निवडून घ्यावा लागतो, आणि त्यात एकाच थ्रेडवर चालणारा कोड साधारण ५ ते १० टक्के हळू पडतो. वर एखादी सी मध्ये लिहिलेली लायब्ररी त्यासाठी तयार नसेल तर ती इम्पोर्ट झाल्या झाल्या जीआयएल परत चालू होतं, तशी वॉर्निंग येते. काम प्रचंड आहे, ज्यांनी केलं त्यांना मनापासून मानते, पण ज्यांचा कोड दिवसभर डेटाबेसची वाट बघत बसलेला असतो त्यांना यातून लगेच काही मिळणार नाही.

मला जे मिळालं ते वेगळंच आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतायत, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं काम औषधांच्या होलसेलवाल्यांसाठी. मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरची दुकानं, भिवंडीतली गोडाऊनं, त्यांची बिलं, बॅच नंबर, एक्सपायरी, परत आलेला माल, सगळा हिशोब रात्री शटर पडल्यावर पायथनच्या स्क्रिप्टा जुळवतात आणि सकाळी दुकान उघडायच्या आत तो तयार लागतो. आता अशी स्क्रिप्ट रात्री मध्येच अडकली की काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. लॉगमध्ये शेवटची ओळ दिसते, त्यापुढे शांतता. सीपीयू मात्र शंभर टक्के. रीस्टार्ट मारला की चालू होते पण का अडकली होती त्याचा पुरावा गेला, मग चार प्रिंट जास्तीचे टाकायचे आणि परत अडकायची वाट बघायची. चालू प्रोग्रॅममध्ये बाहेरून डोकावणारी पाय-स्पायसारखी टूल्स आहेत आणि ती उत्तम आहेत, पण ती स्टॅक, म्हणजे कोड आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते दाखवतात, आत जाऊन दोन गोष्टी विचारता येत नाहीत, आणि क्लायंटच्या सर्व्हरवर बाहेरचं काही टाकायचं म्हटलं की परवानगीतच आठवडा जातो.

३.१४ मध्ये पीडीबी, म्हणजे पायथनचा स्वतःचा डीबगर (चुका शोधायचं टूल), त्याला मायनस पी देऊन पुढे प्रोसेस आयडी लिहिला की तो चालू असलेल्या प्रोसेसला, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रॅमला, जाऊन चिकटतो. प्रोसेस आधीपासून कुठल्या खास मोडमध्ये सुरू केलेली असायला नको, कोडमध्ये ब्रेकपॉइंट नको, रीस्टार्ट नको. आणि तुम्ही चिकटला नाहीत तोवर स्पीडवर काहीच परिणाम नाही, कारण ही सोय इंटरप्रिटरमध्येच, म्हणजे कोड चालवणाऱ्या पायथनमध्येच, अशा जागी बसवलीय जिथे तो थांबायला तसाही सुरक्षित असतो.

आमच्याकडे हे लगेचच कामी आलं. भर पावसातली रात्र, ट्रॅकवर पाणी, ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता, घरूनच सर्व्हरवर लॉगिन केलं, पीडीबी चिकटवला आणि व्हेरिएबल बघितलं तर एका सप्लायरच्या फाईलमध्ये एका बॅचची एक्सपायरी रिकामी, आणि आमचं रीट्राय लूप तीच एक ओळ पुन्हा पुन्हा वाचतंय. तो रेकॉर्ड तिथल्या तिथे बाजूला काढला, लूप पुढे सरकलं, बाकी रात्रीचा हिशोब वाया गेला नाही. मी आणि माझा सहकारी फोनवर दोघंही काही क्षण नुसतं वा वा करत होतो.

मर्यादा पण नीट समजून घ्या. प्रोसेस नेटवर्कची किंवा डिस्कची वाट बघत थांबलेली असेल तर पीडीबी पण थांबतो, कारण पायथनची पुढची सूचना चालेपर्यंत त्याला आत शिरायला दारच मिळत नाही. म्हणजे लूपमध्ये गरगरणाऱ्या प्रोसेसला रामबाण, पण सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीवर, लटकलेल्याला नाही. असिंक, म्हणजे एकाच थ्रेडमध्ये अनेक टास्क आळीपाळीने चालवायची पद्धत, वापरत असाल तर त्यासाठी दुसरी सोय आलीय, असिंकआयओ मॉड्यूलला पीएसट्री सांगून प्रोसेस आयडी द्यायचा, कुठला टास्क कुणासाठी थांबलाय त्याचं पूर्ण झाड समोर येतं, आणि हे तो बाहेरून मेमरी वाचून करतो त्यामुळे प्रोसेस थांबलेली असली तरी चालतं. दोन टास्क एकमेकांची वाट बघत गोल अडकले असतील तर तेही तो ओळखून सांगतो. लिनक्सवर रूट किंवा पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावायची) परवानगी लागते, आणि चिकटणारं पायथन व ज्याला चिकटायचं ते, दोन्हीकडे ३.१४ च पाहिजे. सिक्युरिटीवाले घाबरले तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून पीडीबीचं हे चिकटणं बंद करता येतं, पण बंद करायच्या आधी त्यांच्याशी बोला, एवढी चांगली सोय नुसत्या भीतीपोटी घालवू नका.

आता अपग्रेड करताना जिथे खरोखर लचका तोडला जाईल ती जागा. एका प्रोग्रॅममधून अनेक प्रोसेस काढून काम वाटणारं मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूल लिनक्सवर इतकी वर्षं फोर्क करून, म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल करून, मुलं काढायचं, आता डीफॉल्ट फोर्कसर्व्हर झालंय, म्हणजे एक वेगळी साधी सर्व्हर प्रोसेस मुलं काढते. फोर्कमध्ये आईची सगळी मेमरी पोराला जशीच्या तशी मिळायची, त्यामुळे लोकांनी बिनधास्त मोठी डिक्शनरी ग्लोबलमध्ये भरायची, मग पूल, म्हणजे वर्कर प्रोसेसचा गट, काढायचा, वर्करला सगळं आयतं. आता ते वर्करला दिसत नाही, जे द्यायचं ते पिकल होऊन, म्हणजे बाइट्समध्ये बांधून, गेलं पाहिजे, आणि फाईल थेट चालवलीय का ते बघणारा मेनचा इफ नसेल तर स्क्रिप्ट सरळ एरर देऊन पडते. बदल योग्यच आहे हं, थ्रेड चालू असताना फोर्क करणं धोक्याचंच होतं, अधूनमधून कारण न सांगता लटकणाऱ्या प्रोसेस त्यातूनच यायच्या. पण जुना कोड असेल तर आधी मल्टिप्रोसेसिंग शब्द शोधून प्रत्येक जागा उघडून बघा, घाई असेल तर फोर्क स्वतः लिहून मागता येतं.

टी-स्ट्रिंग आवडल्या. मजकुरात थेट व्हॅल्यू घालू देणाऱ्या एफ-स्ट्रिंगसारख्याच लिहायच्या, फक्त एफच्या जागी टी, पण हातात तयार स्ट्रिंग येत नाही, टेम्प्लेट येतं, ज्यात तुम्ही लिहिलेला मजकूर वेगळा आणि आत घातलेल्या व्हॅल्यू वेगळ्या राहतात. म्हणजे एसक्यूएल किंवा एचटीएमएल बनवणारी लायब्ररी त्या व्हॅल्यू आधी साफ करू शकते. एफ-स्ट्रिंगमध्ये क्वेरी चिकटवणारी पोरं मी रिव्ह्यूमध्ये रोज बघते त्यामुळे हे फार गरजेचं होतं. मात्र टी लावला की आपोआप सुरक्षित झालं असं कुणी समजू नका, साफ करायचं काम लायब्ररीचंच आहे आणि त्या लायब्ररी अजून हळूहळू येतायत.

दर रविवारी मी परळला मराठी शाळेतून आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना पायथन शिकवते, आणि त्यांच्यासाठी या व्हर्जनने जे केलंय ते बघून खरंच बरं वाटलं. व्हाइलचं स्पेलिंग चुकलं तर आधी नुसतं इनव्हॅलिड सिंटॅक्स यायचं, आता व्हाइल म्हणायचंय का असं विचारतो. लिस्टला डिक्शनरीची की बनवायला गेलं तर अनहॅशेबल एवढाच शब्द तोंडावर फेकायचा, आता आधी सरळ सांगतो की लिस्ट ही डिक्ट की म्हणून वापरता येत नाही आणि मग तो शब्द कंसात. एल्सच्या नंतर एलिफ लिहिलं तर तेच नेमकं सांगतो. इंग्रजीला बिचकणारी मुलगी पहिल्या एररला लॅपटॉप मिटते की दुसरी ओळ वाचते, हे अशा एका वाक्यावर ठरतं, मी डोळ्यांनी बघितलंय. टर्मिनलमध्ये टाइप करतानाच रंग येतात, इम्पोर्ट लिहिताना मॉड्यूलचं नाव पूर्ण करून मिळतं, त्याने पण मुलं खूश.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. एरर पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये दोन एरर लिहिताना आता कंस नाही दिला तरी चालतो, फक्त स्वल्पविराम. पायथन २ मध्ये तोच स्वल्पविराम म्हणजे पुढचं नाव एररला दे असा अर्थ होता, आणि अजून कितीतरी जुने नोट्स आणि कोड तसेच फिरतायत. शिकणाऱ्याने तिकडून उचललं तर आता लगेच सिंटॅक्स एरर येणार नाही, प्रत्यक्ष एरर उडेल तेव्हा गोंधळ होणार. कंस दोनच तर होते, राहू द्यायचे.

बाकी झेडस्टँडर्ड नावाचं फाईल लहान करणारं कम्प्रेशन आता सोबतच येतं, बॅकअपला उपयोगी. युयुआयडी ७, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक बनवायचा नवा प्रकार, आलाय, तो वेळेच्या क्रमाने वाढतो म्हणून डेटाबेसच्या प्रायमरी कीला चांगला. टाइप हिंटमध्ये, म्हणजे कुठल्या प्रकारची व्हॅल्यू आहे ते सांगणाऱ्या नोंदीत, पुढे येणाऱ्या क्लासचं नाव अवतरणात लिहायची कटकट गेली. जेसनमध्ये मराठी नावं लिहिली की डीफॉल्टने अजूनही बॅकस्लॅश यू आणि आकडेच दिसतात, दुकानदारांची नावं देवनागरीत ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना प्रत्येक ठिकाणी एन्शुअर आस्की नावाचा पर्याय बंद करावा लागतो, ते कधीतरी बदला हो.

नवीन प्रोजेक्ट असेल तर सरळ ३.१४ घ्या, सिक्युरिटी फिक्स २०३० पर्यंत मिळणार आहेत. जे अजून ३.९ वर आहेत त्यांचा सपोर्ट ३.१४ आलं त्याच महिन्यात संपलाय, त्यांनी तर थांबूच नका, आधी टेस्ट सर्व्हरवर टाका, मल्टिप्रोसेसिंगवाल्या स्क्रिप्टा पहिल्या चालवून बघा, आणि पीडीबी चिकटवायची परवानगी सर्व्हरवाल्यांकडून आत्ताच घेऊन ठेवा, रात्री दोन वाजता ती कुणी देत नाही.