ट्रॅव्हलरच्या पत्र्याआड काय भरायचं?

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करायला निघालात की प्रश्न येतोच: ऊन आणि आवाज अडवायला पत्र्याआड ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), थर्माकोल, नायट्राइल रबर, की सरळ पीयू (पॉलियुरेथेन) फोम मारून घ्यायचा? परदेशी व्हिडिओंतले सल्ले बहुतेक थंडीच्या देशांसाठी असतात. आपल्याला मुंबईत ऊन आणि पाऊस झेलायचा आहे, आणि त्याहून जास्त दमट हवा.

बाहेर ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी सुटतं. पावसाळ्यात एसी २४ वर लावून झोपलात, तर आतल्या प्लायची मागची बाजू रात्रभर घाम धरू शकते. मध्ये पाणी पिणारं काही भरलेलं असेल तर ते वाळायला वावच नसतो, आणि पत्रा आतून गंजायला लागतो.

म्हणून ग्लासवूल मी बाद करतो. ते स्वस्त आहे, उष्णता अडवतं आणि आवाजही छान शोषतं, हे मान्य. पण माझ्या पहिल्या गाडीच्या दारात मी तेच भरलं होतं. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरतंच आणि तळाच्या भोकांतून निघून जातं, हे तेव्हा लक्षात घेतलं नाही. एका पावसाळ्यानंतर पॅनल उघडलं, तर ग्लासवूल भिजून तळाशी बसलेलं, भोकं बुजलेली आणि खालची कड गंजून पापुद्रे सुटलेले. रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, आगीला दाद देत नाही, आवाजातही सरस आहे, पण ओलाव्याचं दुखणं तेच. दारात दोन्ही नकोत, आणि भोकं कशानेही बुजवू नका.

माझं मत नायट्राइल रबर फोमला. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळं वेष्टण असतं ना, तेच, शीटमध्येही मिळतं. उष्णता अडवण्यात ते ग्लासवूलच्या जवळपास येतं, पण त्याचे कप्पे बंद असल्याने पाणी आत शिरत नाही आणि छताच्या वळणावर ते नीट बसतं. मात्र उन्हात छताचा पत्रा ६० अंशांपुढे जातो, तेव्हा साधा गम सुटतो. उष्णता सोसणारा गम घ्या, पत्रा थिनरने पुसून घ्या आणि शीटचे सांधे टेपने बंद करा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात चक्कर मारलीत तर जाडी हाताने दाबून बघता येते. छताला २५ मिमी, बाजूंना १९ पुरेत. पैसे कमी असतील तर आधी छतच करा.

पीयू स्प्रे तेवढ्याच जाडीत सगळ्यात जास्त उष्णता अडवतो. पण वायरिंग त्यात गाडलं जातं आणि जुन्या पत्र्याला उद्या वेल्डिंग करायचं म्हटलं तर खरवडत बसावं लागतं. जुन्या गाडीला मी तो सुचवणार नाही. थर्माकोल कसारा घाटात करकरतो आणि पेटही घेतो. जमिनीवर मात्र एक्सपीएसची (थर्माकोलच्याच जातीच्या, पण घट्ट फोमची) कडक शीट उत्तम, कारण ती वजन पेलते. चंदेरी बबल फॉइल पत्र्याला चिकटवून फारसा उपयोग नाही, तिच्यापुढे हवेची मोकळी फट लागते. ती काचांवर लावायला ठेवा.

आवाजाचा हिशेब वेगळा. नायट्राइल पत्र्याचा कंप थोडा दाबतं, पण रस्त्याची घरघर शोषत नाही. पावसाचा ताशा थांबवायला त्याच्याखाली, थेट पत्र्याला, २ मिमीची ब्युटाइल डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याचा कंप दाबणारी जड रबरी शीट, हवी. सगळं छत मढवायची गरज नाही. चौरस मीटरला तिचं वजन ३ किलोच्या आसपास भरतं. १० चौरस मीटर छत धरलं तर पूर्ण मढवून ३० किलो डोक्यावर, आणि प्रत्येक पॅनलच्या मधोमध पाव भाग लावला तर साडेसात. पाव भागातच बहुतेक काम होतं. बोटाने ठोकून बघा: ठणठण ऐवजी बद्द आवाज आला की झालं. इंजिनाच्या घरघरीसाठी बॉनेटखालच्या भागावर आणि जमिनीवर जड रबर मॅट टाका, पण त्याआधी दारांची झिजलेली रबरं बदला. फटीतून येणारा आवाज कुठलीही शीट अडवत नाही.

हे सगळं चिकटवण्याआधी छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन प्रत्येक रिवेट तपासा. कॅरियरच्या बोल्टपाशी गळती हमखास सापडते.