जीप सफारी की पायी सफारी?

पहिल्यांदाच जंगलात जायचंय आणि जीप घ्यावी की गाईडसोबत पायी फिरावं यात अडकला असाल तर जाहिरातीतला 'थरार' आधी बाजूला ठेवा.

प्राणी दिसण्यात जीपच पुढे. रोज गाड्या बघून ते सरावलेले असतात, शांत उभी गाडी त्यांना फारशी खटकत नाही, त्यामुळे जवळून दिसतात आणि अंतरही बरंच कापून होतं. तेच प्राणी माणूस पायी दिसला की लांबूनच सटकतात. पण पायी मजा वेगळी आहे, ठसे, विष्ठा, झाडावरचे नखांचे ओरखडे, अलार्म कॉल (धोका जाणवला की प्राणी-पक्षी देतात तो इशाऱ्याचा आवाज), आपला वास पुढे जाऊ नये म्हणून गाईड वारा कुठून येतोय ते सारखं बघत असतो, हे सगळं जीपमधून निसटतंच.

त्रास म्हणाल तर जीपमध्ये धूळ आणि धक्के, कंबर दुखत असेल तर मागची सीट नकोच. पायी म्हणजे एका रांगेत, गप्प, गाईड सांगेल तसं. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, आणि बरोबरच आहे ते. जीपचा खर्च ग्रुपमध्ये वाटला जातो.

मुलं, आजी-आजोबा किंवा मोठी लेन्स सोबत असेल तर जीप. जंगल आधी बघून झालंय आणि खरंच गप्प राहता येतं, तर पायी.