दलदलीच्या जंगलातला जिवाणू ओळखायचा: आधी १६एस की थेट जिनोम?

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याची मायरिस्टिका दलदल (रानजायफळाच्या झाडांचं पाणथळ जंगल) असो किंवा किनाऱ्यावरचं कांदळवन, तिथली माती सोलापूरच्या प्रयोगशाळेत आणून जिवाणू वेगळे केले की पुढचा पेच पैशांचा असतो. फ्रिजमध्ये तीस कल्चर (वेगळे काढून वाढवलेले जिवाणू) आहेत आणि निधी मोजका आहे. त्यांची ओळख कशाने पटवायची?

आमचं मत स्पष्ट आहे. एकसारखी कल्चर गाळून उरलेल्या सगळ्यांचं १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात ते एक जनुक) करा आणि जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, त्यातल्या एक-दोघांचाच वाचा. बाकीच्या दोन पद्धती मदतीला ठेवा, निकालासाठी नको.

त्यातली पहिली म्हणजे बायोकेमिकल चाचण्या. कॅटालेज, ऑक्सिडेज, साखरांचं किण्वन हे सगळं कॉलेजातच होतं. पण तयार किटचे तक्ते मुख्यतः रुग्णांमध्ये सापडणाऱ्या जिवाणूंवर बेतलेले असतात. दलदलीतल्या अनोळखी जिवाणूला ते जवळचं कुठलं तरी नाव चिकटवतात. नव्या प्रजातीचं वर्णन लिहिताना या चाचण्या लागतातच, म्हणून त्या नंतर करा.

दुसरी पद्धत माल्डी-टॉफ, म्हणजे यंत्राने जिवाणूतल्या प्रथिनांचा आलेख काढून तो डेटाबेसशी जुळवणं. ताज्या कॉलनीवरून काही मिनिटांत निकाल मिळतो, पण डेटाबेसची अडचण इथेही तीच. जुळणीचा गुण १.७ च्या खाली आला तर ‘ओळख पटली नाही’ एवढंच समजायचं, ‘नवा जिवाणू’ असं नाही. हिचा खरा उपयोग चाळणीसारखा आहे. एकसारखे आलेख देणारी कल्चर एका गटात टाका आणि प्रत्येक गटातलं एकच सिक्वेन्सिंगला पाठवा.

आता १६एस. हे जनुक सुमारे १५०० बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) असतं. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (जनुकाच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून त्याच्या प्रती वाढवतात. एका बाजूने वाचलं तर ७००-८०० बेसच नीट मिळतात, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचून घ्या आणि किमान १४०० बेस जुळवा. पैसे वाचवायला एकच बाजू वाचून काढलेल्या टक्केवारीवर नव्या प्रजातीचा दावा टिकत नाही. तुलना टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीच्या अधिकृत नमुना-जिवाणूशी) करा आणि त्यासाठी इझेडबायोक्लाउड हा डेटाबेस वापरा. ब्लास्ट या सर्वसाधारण शोधसाधनात नुसतं शोधलं तर वरच्या ओळीत बऱ्याचदा ‘अनकल्चर्ड’ किंवा चुकीच्या नावाने भरलेल्या नोंदी येतात.

साम्य ९८.६५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती नवी असण्याची शक्यता दाट आहे. मात्र साम्य जास्त आलं म्हणून प्रजाती जुनीच, असं होत नाही. बॅसिलस सिरियस आणि बॅसिलस अँथ्रॅसिस यांचं १६एस ९९ टक्क्यांहून जास्त जुळतं, तरी त्या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जातात. १६एसची मर्यादा इथे येते.

तिथून पुढे जिनोम लागतो. सगळ्यात जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (साम्याचं संगणकावर काढलेलं दुसरं माप) ७० टक्क्यांच्या खाली आलं, तर प्रजाती वेगळी धरतात. ५० लाख बेसच्या जिनोमला ५० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचलेला) हवं असेल तर २५ कोटी बेसचा डेटा मागा. जिनोमची शुद्धता तपासणाऱ्या चेकएम या प्रणालीत मिसळ ५ टक्क्यांच्या खाली दिसायला हवी. एक लपलेला खर्च आधीच तपासा: शेजारच्या टाइप स्ट्रेनचा जिनोम सार्वजनिक नसेल, तर तो स्ट्रेन मागवून त्याचंही सिक्वेन्सिंग करावं लागतं.

मग थेट जिनोमच का नको? लहान तुकडे वाचणाऱ्या पद्धतीत १६एसच्या अनेक प्रती एकमेकींत मिसळून तो भाग अर्धवट जुळतो. शिवाय वेगळं वाचलेलं १६एस जिनोममधल्या १६एसशी जुळलं नाही, तर नमुना बदलला किंवा कल्चर मिश्र होतं, हे लगेच कळतं. एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

बहुतेक अपयश मिश्र कल्चरमुळेच येतं. सँगरच्या (१६एस वाचण्याच्या पद्धतीच्या) आलेखात एका जागी दोन शिखरं दिसू लागली, तर पुन्हा स्ट्रीक करा, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून एकटी कॉलनी वेगळी काढा. एकाच जिवाणूतल्या १६एसच्या प्रती थोड्या वेगळ्या असल्या तरी तुरळक जागी असं दिसतं, पण शिखरं आलेखभर असतील तर ती मिसळच. दलदलीतले जिवाणू चिकट थरात एकमेकांना धरून वाढतात. एकट्या कॉलनीवरून किमान तीनदा स्ट्रीक केल्याशिवाय काहीही पाठवू नका. आरटूए या कमी पोषक माध्यमावर २८ अंशांना दोन ते चार आठवडे थांबा, कारण हळू वाढणाऱ्यांतच नवं सापडण्याची शक्यता जास्त. सोलापूरच्या उन्हाळ्यात चाळिशीपार तापमानात उघड्या रॅकवरच्या प्लेट वाळून जातात. तेव्हा बीओडी इनक्युबेटर (तापमान कमी-जास्त करून स्थिर ठेवणारी पेटी) वापरा, आत पाण्याचं भांडं ठेवा आणि प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरने प्लेट पाठवू नका, शुद्ध केलेला डीएनए पाठवा.

निवड करण्याआधी वेळेचाही हिशेब मांडा. नव्या प्रजातीचं नाव वैध ठरायला टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन जिवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो. भारतात त्यासाठी चंदीगडचं एमटीसीसी आणि पुण्याचं एनसीएमआर आहे. परदेशी संग्रहाकडे पाठवण्यापूर्वी जैवविविधता कायदा, २००२ खालच्या अटी पूर्ण कराव्या लागतात, म्हणून १६एसचा निकाल ९८.६५ च्या खाली येताच, जिनोमची वाट न बघता, कागदपत्रांना हात घाला. त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये प्रत्येक कल्चरच्या किमान चार कुप्या करून उणे ८० अंशांत ठेवा, जमल्यास दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये.