उद्यमनगरातलं ब्रेकचं गॅरेज आणि आमची घर केलेली गाडी

सासूबाईंचे गुडघे लॉजचे जिने चढू देत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी आम्ही शाळेला लावलेली २०१५ची एक डिझेल मिनीबस घेतली. तिच्यात पलंग, ओटा, २०० लिटरची पाण्याची टाकी आणि दोन बॅटऱ्या बसवून घेतल्या. गाडी मीच चालवते. माहेरी उसाच्या ट्रॉलीवर हात बसलाय, त्यामुळं जड गाडीची भीती नाही. विकणारा म्हणाला होता, "ब्रेककडं बघायलाच नको, मागचे लायनर, म्हणजे चाकाला घासणारे पट्टे, नवे टाकलेत." ते खरंही होतं. तरी जूनमध्ये गगनबावड्यावरून भुईबावडा घाट उतरताना जळका वास सुटला आणि पेडल पायाखाली मऊ होत खाली गेलं. दुसऱ्या गिअरवर गाडी आवरली, डोंगराच्या कडेला लावली आणि पाऊण तास थांबलो. सासूबाई आत जप करत होत्या. मी पुढच्या चाकाशी उभी होते. पावसाचे थेंब ब्रेकच्या डिस्कवर पडून चर्र करून उडत होते.

कोल्हापुरात दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडं चाक न खोलताच 'पॅड बदला' म्हणाले. मग आमच्या ह्यांच्या ओळखीनं उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडं गेलो. दोन गाड्या मावतील एवढंच शेड, शेजारी लेथवाला. मिस्त्री गाडीखाली सरपटत गेले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "ताई, मागं पाटे कुणी वाढवले?"

बॉडीवाल्यानं घराचं वजन पेलावं म्हणून मागच्या स्प्रिंगला दोन-दोन पाटे जादा टाकले होते. त्याचा ब्रेकशी काय संबंध, हे मला कळेना. मिस्त्रींनी मला खाली वाकून बघायला लावलं. मागच्या ॲक्सलपासून एक बारीक रॉड वर चेसिसवरच्या व्हॉल्व्हला गेलेला होता. "ह्यो व्हॉल्व्ह म्हंजे वजनकाटा बगा. गाडी मागं किती बसली ह्यावरनं तो वजन वळखतो आन् तेवढंच प्रेशर मागच्या ब्रेकला सोडतो. तुमची गाडी पाट्यांमुळं बसतच न्हाई. त्याला वाटतंय गाडी रिकामी हाय." म्हणजे घर भरलेलं असताना मागचे ब्रेक अर्धेमुर्धेच लागत होते आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर पडत होता. मागचे लायनर नव्यासारखे का दिसत होते, ते तेव्हा उमगलं. पुढच्या डिस्कवर मात्र निळे डाग पडले होते आणि पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

त्यांनी बाटलीत काढून दाखवलेलं ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५च्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. थंड झालं की परत कडक. घाटात माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी चालो वा न चालो, असं त्यांनी डायरीत लिहूनच दिलं.

डिस्क लेथवर घासून घेऊ, स्वस्तात होईल, असं मीच सुचवलं होतं. मिस्त्रींनी डिस्कच्या कडेवर कोरलेली कमीत कमी जाडी मला वाचायला लावली आणि जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. घासल्यावर त्याच्या खाली जाणार होती. "न्हाई करणार," एवढंच म्हणाले. दोन्ही डिस्क नव्या आणल्या. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर ओला लागला, तोही बदलला.

एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा, काढताना मला सीटवर बसवलं. सगळ्यात लांबचं चाक आधी. "दाबा... धरा... सोडा." पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरत होते; शेवटी नुसती पिवळसर धार आली, तशी नळी बंद. तेव्हा मागची चाकं जॅकवर लोंबकळत ठेवली नव्हती, रॅम्पवर वजनासकट उभी होती. चाकं लोंबकळली की तोच व्हॉल्व्ह मागची वाट आवळतो आणि हवा आत अडकून राहते, म्हणून. या एका गोष्टीवरून मला या माणसावर भरवसा बसला.

व्हॉल्व्हचा रॉड लावायच्या आधी त्यांनी टाकी भरून आणायला लावली. गॅसचा सिलिंडर, भांडी, गाद्या, सगळं आत ठेवून वजनकाट्यावर गेलो. पासिंगच्या, म्हणजे कागदोपत्री मंजूर, वजनाला १८० किलो बाकी होते. तेव्हा जादा पाट्यांतला एकेक काढला आणि मग रॉड जुळवला. पेडलला जोर देणारा बूस्टर तपासायचंही मला शिकवलं: इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, दाबून धरायचं आणि स्टार्टर मारायचा, पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. आमच्या गाडीत बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागं आहे. इंजिन बंद म्हणजे पंपही बंद, म्हणून उतारावर इंजिन कधीच बंद करायचं नाही.

बिल २३,४०० झालं. दोन दिवस सांगून पाच लागले, कारण डिस्क पुण्याहून यायच्या होत्या. फोन उचलत नाहीत. जाऊनच विचारावं लागतं. सोमवारी बंद. बसायला जागा नाही आणि पावसात दारात घोटाभर पाणी साचतं, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. जुने पार्ट मात्र पिशवीत घालून न मागता हातात देतात.

मागच्या आठवड्यात पन्हाळ्यावरून उतरून वाघबीळला थांबले आणि त्यांनीच उसनी दिलेली टेम्परेचर गन चारी चाकांना लावली. पुढं १६० अंश, मागं ११०. वास नाही, पेडल कडक. हँडब्रेकची केबल ताणली गेलीय, ती दिवाळीनंतर बदलणार आहेत. तोवर चढावर गाडी लावली की बाभळीचे दोन ओंडके चाकांमागं घालते. ते सासूबाईंच्या पलंगाखाली ठेवलेत.