टीव्ही दुकानात न्यायच्या आधी झाकण उघडायला लावा

कोपरखैरण्यातल्या एका घरचा ४३ इंची एलईडी टीव्ही. आवाज येत होता, पडदा काळा. नेटवर सापडलेल्या नंबरवरून आलेल्या मेकॅनिकने ‘मदरबोर्ड गेला’ सांगून टीव्ही उचलला. पडद्यामागच्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या, चांगला मूळ बोर्ड काढून घेतला, युनिव्हर्सल (वेगवेगळ्या टीव्हींना चालणारा) बोर्ड टाकला आणि पैसे मूळ बोर्डाचे लावले. टीव्ही घरी आला तेव्हा रिमोट वेगळा, वाय-फाय गायब. काही महिन्यांत पडद्यावर पांढरे डाग.

बिघाड फक्त बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा होता. खोलीत अंधार करून, टीव्ही चालू ठेवून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल (चित्र दाखवणारा पडदा) आणि मदरबोर्डचं चित्राचं काम चालू आहे; गेल्यात त्या पट्ट्या किंवा त्यांना करंट पुरवणारा ड्रायव्हर.

दुसऱ्या ब्रँडचा भाग बसवला म्हणजे फसवलं, असं नाही. नाव फ्रेमवर असतं. आतलं पॅनल बीओई, एयूओ, इनोलक्स अशा मोजक्या कंपन्यांचं. भाग जुळवायचा तो पॅनलमागच्या स्टिकरवरच्या नंबराशी. युनिव्हर्सल बोर्डावर पॅनलचा व्होल्टेज जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) ठरतो: ३.३, ५ किंवा १२ व्होल्ट. ५ च्या पॅनलला १२ दिले तर टी-कॉन, म्हणजे पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड, जळू शकतो. एलव्हीडीएस मॅपिंग (बोर्डाकडून पॅनलला जाणाऱ्या चित्राच्या सिग्नलची मांडणी) चुकलं तर रंग बिघडतात, पण ते सेटिंगने सुटतं.

खरा घात करंटमध्ये होतो. पट्टीला ३५० मिलिअँपिअर हवेत आणि बोर्डाने ६०० सोडले, तर पहिल्या दिवशी पडदा झगझगीत, गिऱ्हाईक खूश. मग एलईडी तापतात, त्यांच्यावर बसवलेल्या, उजेड पसरवणाऱ्या लेन्सचा गोंद सुटतो, लेन्स गळून पडते आणि उघड्या एलईडीचा पांढरा डाग उमटतो. पट्ट्यांचंही तसंच. एलईडी ३ व्होल्टचे की ६ चे, एका पट्टीवर किती, लांबी किती, हे सगळं जुळायला हवं. ६ च्या जागी ३ चे लावले तर ड्रायव्हर शॉर्ट समजून बंद पडू शकतो, आणि काही जण सरळ हे बंद पाडणारं प्रोटेक्शनच काढून टाकतात. असं काम कुणाकडूनही करून घेऊ नका. बदलायच्या तर सगळ्या पट्ट्या एकदम, नाहीतर उजेड कमीजास्त दिसतो.

पट्ट्यांसाठी पॅनलची काच उचलावी लागते, म्हणून टीव्ही दुकानात नेणं गैर नाही. पण प्लग काढून झाकण घरीच उघडायला लावा. बोर्डांच्या नंबरांचे फोटो काढा, बोर्डांवर मार्करने सही करा. बिलावर नव्या भागाचा नंबर, पट्टीचा व्होल्टेज आणि वॉरंटी लिहून घ्या, जुने भाग परत मागा. द्यायला नकार आला तर फोटो आणि बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा.