स्वस्त इलेक्ट्रिक गाडी: आठ महिने आणि 11,200 किलोमीटरनंतर

गाडी छोटी आहे. बॅटरी 30 युनिटची, त्यातली वापरता येते ती साधारण 28. कागदावरची रेंज, म्हणजे एकदा पूर्ण भरल्यावर जाणारं अंतर, 240 किमी. घेण्याआधी दोन महिने मी याच 240 च्या आकड्याभोवती फिरत होतो. ही गाडी 240 देते, ती 260 देते, मग ती चांगली. आज कोणी विचारलं तर मी रेंजबद्दल बोलायच्या आधी विचारतो, रात्री गाडी कुठे उभी राहणार आणि तिथला सॉकेट कसा आहे?

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी चार्जरचा प्लग काढायला गेलो आणि हात झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता. ओढून काढला तर एक पिन तपकिरी पडलेली, सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक मऊ होऊन किंचित बसलेलं, आणि जळकट वास. विकताना सांगितलं होतं, ‘घरातल्या कुठल्याही मोठ्या सॉकेटला लावा.’ इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवलं तेव्हा कळलं, आतली वायर बारीक होती आणि स्क्रू ढिला. इस्त्री किंवा गीझर थोडा वेळ चालतो, त्यामुळे तिथे असला ढिला जोड खपून जातो. गाडी मात्र तासन् तास सलग तेवढाच करंट ओढते. जोड ढिला असला की तिथे रोध वाढतो, उष्णता होते, उष्णतेने जोड आणखी ढिला होतो. आता मीटरपासून वेगळी 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाला की वीज तोडणारा स्विच), अर्थ गळती पकडणारा ब्रेकर आणि तपासलेलं अर्थिंग आहे. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. भाड्याच्या घरात असाल तर आधी घरमालकाशी बोला, मग गाडी बघायला जा.

चार्जिंगच्या वेगाची मला उगाच धास्ती होती. 10 अँपिअरवर 230 व्होल्टला 2.3 किलोवॉट मिळतात, त्यातले दहा-बारा टक्के वाटेत जातात. शून्यापासून पूर्ण भरायची तर चौदा तास लागतील, हे खरं. पण शून्यापासून भरतो कोण? माझं रोजचं जाणं-येणं 44 किमी, त्याला तीन तास पुरतात.

आता रेंज. कंपन्या खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही, चाचणीच तशी असते. युरोपात 2017 पासून आलेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीच्या एका फेरीत गाडी 30 मिनिटांत सुमारे 23 किमी चालते, म्हणजे सरासरी ताशी 46.5 किमी, आणि एसी बंद. माझ्या गाडीने ताशी 80 च्या वेगाने एका युनिटला 7.8 किमी दिले, 100 ला 6.1. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 80 वरून 100 म्हणजे वेग सव्वापट, पण रोध दीडपटीहून जास्त. त्यात लांबच्या वाटेवर आपण बॅटरी 90 टक्क्यांवरून 20 पर्यंतच वापरतो, कारण 80 च्या पुढे फास्ट चार्जर हळू होत जातो आणि 20 च्या खाली जीव वर-खाली होतो. हिशोब केला तर दोन थांब्यांमध्ये जेमतेम 120 किमी. कागदावरचे 240 आणि हे 120, दोन्ही खरे आहेत. तुम्हाला यातला कोणता लागणार, ते तुमचा रस्ता सांगेल.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती एक चक्कर मारून संपवू नका. ट्रिप मीटर शून्य करा, एसी लावा, घरच्यांना बसवा, आणि रोजच्या रस्त्याने नेहमीच्या वेगाने जाऊन परत या. परत यायचंच, म्हणजे चढ-उताराची फिटंफाट होते. मग एका युनिटला किती किमी पडले ते बघा. एसी तासाच्या हिशोबाने खातो, किलोमीटरच्या नाही. ट्रॅफिकमध्ये ताशी पंधराने सरकताना एसीने एक किलोवॉट घेतला तर शंभर किलोमीटरमागे साडेसहा युनिटांहून जास्त त्यालाच जातात. कोंडीच्या वेळीच चालवून बघा.

बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे नक्की विचारा. माझी एलएफपी आहे. वजनाने जड, पण आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरली तर चालते, उलट भरावीच, कारण तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असल्याने किती चार्ज उरलाय याचा अंदाज गाडीलाच चुकत जातो. एनएमसी असेल तर रोज 80 वर थांबवणं बरं. आणि बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय आहे का, तेही विचारा. 2010 साली आलेल्या निसान लीफमध्ये ती नव्हती, आणि अ‍ॅरिझोनासारख्या तापणाऱ्या भागात तिच्या बॅटऱ्या लवकर उतरल्या. वॉरंटीत नुसती वर्षं बघू नका. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, ते लेखी घ्या.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. नऊ दिवस गाडी हलली नाही, त्यात मी बाहेरून बसवलेला डॅशकॅम चालूच राहिला. दहाव्या दिवशी रिमोटने दार उघडेना. मोठ्या बॅटरीत 70 टक्के चार्ज, आणि गाडी निपचित! 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरली होती. मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच याच बॅटरीवर चालतात, त्यामुळे ती गेली की सगळं ठप्प. रिमोटच्या आत लपलेली साधी चावी कशी काढायची, हे गाडी ताब्यात घेतानाच शिकून घ्या.

चालवायला गाडी फार छान आहे. पाय उचलला की रिजनने, म्हणजे मोटरच वीज परत बॅटरीत भरत गाडीला आवरते त्याने, वेग आपोआप उतरतो, आठवड्याभरात ब्रेक क्वचितच लागायला लागतो. संध्याकाळी घरी पोचल्यावर डोकं शांत असतं, हे मी मनापासून सांगतो.

मागची सीट मात्र मी स्वतः बसून बघितली नव्हती. पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यात खाली बॅटरी बसवल्याने मागची फरशी वर आली आहे. बसलं की गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. तासाभरात आईचे पाय भरून आले. आता ती पुढे बसते, बायको मागे, आणि दर तासाला आम्ही थांबतो.